मशेरीचा डबा शाळेत गेला तेव्हा

बायको गेली त्याला सव्वा महिना झाला. तंबाखू सोडून आज नववा दिवस. यातल्या कशामुळे बसवत नाही ते मला सांगता येत नाही. ओट्यावर बसलो की आत जावंसं वाटतं. आत गेलो की थंड चूल दिसते. मग परसात. परसातून पुन्हा ओट्यावर. शेजारची म्हातारी म्हणते, "घाण्याचा बैल झालात का हो?" म्हणू दे. जीभ सारखी डाव्या गालात जाते, जिथं उभा जन्म चिमूट राहत होती. तिथं आता काही नाही.

सोडायला लावली ती लेकीनं. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं एखादी आवडती वस्तू सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी गूळ. मी म्हटलं, मी कारलं सोडतो.

लेक म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मात कधी कारलं खाल्लंय?"

मग खुंटीवरच्या माझ्या तंबाखूच्या चंचीकडे बोट करून म्हणाली, "आईनं माझ्यासाठी काय केलं होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या नावानं एवढं करा." महिन्याचं श्राद्ध उरकून ती धारला आपल्या घरी गेली. चंची खुंटीवरच आहे.

पाहिलं होतं, हे खरं. तेच लिहायला बसलो आहे. बसलो कसला, चार ओळी झाल्या की उठतो.

मी देवासला थोरल्या पातीतल्या, म्हणजे थोरल्या राजाच्या हद्दीतल्या, एका शाळेत चपराशी होतो. चाळीस वर्षं तरी झाली या गोष्टीला. घंटा द्यायची, माठ भरायचा, टाटपट्ट्या झाडून अंथरायच्या, हे माझं काम. मला स्वतःला तेव्हा अक्षर येत नव्हतं. लेक आठ वर्षांची होती आणि त्याच शाळेत खालच्या यत्तेत बसायची. पोरांत मिळून चारच मुली. लेकीला शाळेत घालायचा हट्ट माझा नव्हता, बायकोचा. तिचे वडील धारला वारले, तेव्हाचं पत्र पोस्टमननं आमच्या ओट्यावर उभं राहून वाचलं. अर्धी गल्ली ऐकत होती. बाप मेला हे तिच्याआधी शेजारणींना कळलं, कारण ती आत पीठ मळत होती. त्या दिवशी रडून झाल्यावर म्हणाली, "माझी पोर आपलं पत्र आपण वाचील." एवढंच. पुन्हा त्यावर बोलणं नाही.

शाळेत नवे हेडमास्तर आले. देशावरचे, अंगानं काडी, डोळ्यांवर चष्मा. पहिल्याच दिवशी पोरांना हसताना पाहिलं आणि मला म्हणाले, "अरे, ही तोंडं आहेत की उकिरडे?" दर सोमवारी प्रार्थनेआधी पोरांना भिंतीशी उभं करायचे. बोटाला फडकं गुंडाळून एकेकाची हिरडी दाबून पाहायचे. रक्त आलं की नाव फळ्यावर. म्हणायचे, "दाताला काय विचारता? हिरडी बघा. हिरडी सैल झाली की दात म्हणजे वाळूतला खुंटा."

पोरांना रोज बाभळीची काडी द्यायची असं त्यांनी ठरवलं. बाभळी सडकेपलीकडे होत्या आणि सडकेपलीकडे धाकटी पाती. आमच्या गावात सडक ओलांडली की राज्य बदलायचं. चार दिवस मी काड्या तोडल्या. पाचव्या दिवशी तिकडच्या शिपायानं हातातली कोयतीच धरली.

"क्यों भिया, दाँत तुम्हारे और पेड हमारे?"

मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तर मग राखुंडी. तुझ्या घरी करतात का?"

करत होते ना. माझ्या बायकोच्या हातची राखुंडी गल्लीत मशहूर होती. बाभळीचा कोळसा, सैंधव, भाजलेली तुरटी. कुटून, फडक्यातून चाळून, काजळासारखी मऊ. तिला शाळेचं काम मिळालं म्हणून ती इतकी खूष झाली की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पण तिच्या हातची आणखी एक वस्तू तितकीच मशहूर होती. मशेरी. तंबाखू तव्यावर जाळून काळी करायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना चोळायची. धारहून तिची आई पान पाठवायची, ही भाजायची, शेजारणी घेऊन जायच्या. गल्लीतली एक बाई मशेरीवाचून नव्हती. लग्नात सासूबाईंनी दोन पितळी डबे दिले होते, एका कासाराच्या हातचे, झाकणावर एकच वेल. डाव्या कोनाड्यातल्या डब्यात राखुंडी, उजव्या कोनाड्यातल्यात मशेरी. दोन्ही काळी. तिला डोळे मिटून कळायचं कोणतं काय. मला कधी कळून घ्यायची गरज पडली नव्हती, कारण डबा ती हातात द्यायची.

एका सोमवारी ती पहाटेच शेजारी बाळंतिणीकडे गेली होती. मी कोनाड्यात हात घातला आणि डबा उचलला. झाकण उघडून हुंगला देखील. पण ज्याच्या तोंडात आठ प्रहर तंबाखू, त्याला तंबाखूचा वास कुठून येणार?

चाळीसेक पोरं ओळीत. प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट ठेवत गेलो. मास्तर म्हणाले, "घासा रे, चांगलं घासा. हिरड्यांवरून बोट फिरवा." पोरं घासू लागली. थोडा वेळ काही नाही. मग टोकाचा एक पोरगा भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. दुसरा म्हणाला, "मास्तर, शाळा फिरतेय." तिसऱ्यानं ओकारी काढली, आणि मग आळीपाळीनं जवळजवळ सगळ्यांनीच. कोणी आडवं पडलं, कोणी रडतंय, एक जण हसतच सुटला. मास्तरांनी डब्यात बोट घातलं, जिभेला लावलं आणि खांब धरला. शुद्ध माणूस, सुपारीदेखील खात नव्हता. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला तो त्यांना वर करता येईना.

मी माठाकडे धावलो. कोणीतरी गूळ आणला, समोरच्या घरातून ताक आलं. कोणाला फार झालं नाही, देवाची कृपा. पण मास्तर खांब धरूनच ओळीकडे पाहत होते.

पाच पोरं उभी होती. चाळिसातली पाच. त्यांना काहीच झालं नव्हतं. रोजचं असल्यासारखी घासत होती. त्यांतली एक माझी लेक. मी पाहिलं, तिनं मान वळवून ओठाच्या कोपऱ्यातून नीट पिंक टाकली, चार लेकरांच्या आईसारखी.

मास्तर म्हणाले, "ही कशी उभी आहे?"

मी डब्याचं झाकण लावलं. सगळं कळलं होतं. ज्यांच्या अंगात मशेरी मुरली होती, तीच पाच उभी राहिली होती. मास्तरांनी तिचा ओठ उचलला. हिरड्या सुजलेल्या, जांभळाच्या रंगाच्या. बोट टेकलं तर रक्त. आजवर तिचं नाव फळ्यावर का आलं नाही, ते मला ठाऊक होतं. सोमवार आला की मी तिच्या हाती तांब्या देऊन पोरांना पाणी घालायला लावायचो. तपासणीच्या ओळीत ती कधी उभीच राहिली नव्हती. दारात उभा राहून मी गावाच्या पोरांची तोंडं बघत होतो आणि स्वतःच्या पोरीच्या तोंडावर तांब्या धरला होता.

मास्तर म्हणाले, "ही पाच जणं घरी. हिरडी भरून येत नाही तोवर शाळेत पाऊल नाही. आणि एकेकाच्या आईनं इथं येऊन माझ्यासमोर सांगायचं, घरातली मशेरी बंद झाली म्हणून."

"मी सांगतो ना साहेब."

"बाप नको. डबा बापाच्या हातात होता तेव्हा काय झालं ते पाहिलं मी."

आमच्यातली बाई, डोक्यावरचा पदर कपाळाखाली, ती शाळेत येऊन परक्या पुरुषापुढं बोलणार? हे होणं नाही, असं मी मनात तिथंच ठरवलं. म्हणजे पोरीचं शिक्षण संपलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, थोडं हलकंही वाटलं.

घरी भांडण झालं. बायको म्हणाली, "दाढ ठणकायची तिची. रात्र रात्र रडायची. तुम्ही घोरत होता. लावली बोटभर."

"बोटभर लावता लावता रोज?"

"रोज ठणका थांबायचा, म्हणून रोज."

"अगं पण तंबाखू!"

"आणि तुमच्या गालात काय आहे, प्रसाद?"

मी तांब्या आपटला. म्हटलं, मास्तरापुढं जायचं नाही, पोर घरी राहील, भाकऱ्या थापायला शिकेल. दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एकाची गाडी धारकडे जात होती. त्यात बायको लेकीला घेऊन बसली आणि माहेरी गेली. जाताना कोनाड्यातला मशेरीचा डबा घेऊन गेली.

आठ दिवस काढले मी. नवव्या दिवशी निघालो. इंदूरपर्यंत टांगा, पुढं बैलगाडी. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो, काय काय सुनावायचं ते. धारला पोचलो तर सासूबाई अंगणात बसून मशेरी लावत होत्या. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. नुसत्या हिरड्यांवर बोट फिरवत होत्या आणि शेजारी माझी लेक, तिच्याही बोटाला काळं.

"या जावईबुवा," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणतो तुमचा मास्तर? बाराखडी आली की दात घट्ट होतात का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुठं येत होती बाराखडी? आणि दात तरी कुठं आहेत?"

"म्हणून काय अडलं? माझे हाडाचे दात गेले, जिभेचा शाबूत आहे."

बायकोनं पान वाढलं. माझ्याशी बोलत नव्हती. लेक शेजारी जेवायला बसली. तिनं भाकरीचा तुकडा तोडला, चावला आणि थांबली. तोंडातून काढला तर भाकरीला रक्त आणि त्यात एक दात. बायकोनं तो उचलून पाहिला, लुगड्याला पुसून पुन्हा पाहिला. दुधाचा नव्हता. दुधाचा पडून त्या जागी आलेला, तोच निखळला होता.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, येईल दुसरा."

"आई, तोंड उघड."

"काय?"

"उघड म्हणते ना."

सासूबाईंनी काय ती चेष्टा, असं हसत तोंड उघडलं. बायको वाकून आत पाहत राहिली. मग पोरीच्या तोंडात पाहिलं. मग उठून कोनाड्यातल्या आरशात स्वतःचं पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "सकाळी निघायचं."

मी जुळवलेल्यातलं एकही वाक्य बोललो नाही.

घरी आल्यावर तिनं बाभळीची साल उकळली. लेकीला दिवसातून चारदा त्या काढ्याची चूळ, दोनदा मिठाच्या पाण्याची. मशेरी बंद, दोघींची. पोर रडायची, हातपाय झाडायची, "आई, थोडीच दे गं" म्हणायची. बायको म्हणायची, "तू मागितलीस तर मी पण लावीन. मग दोघींचे दात पडतील." आणि स्वतः काय करत होती? बसत नव्हती. ओट्यावरून चुलीपाशी, चुलीपासून परसात. हातून भांडी पडायची. माझ्यावर ओरडायची, मग रडायची. मी काय म्हणालो होतो तिला? "घाण्याचा बैल झालीस का गं?" आणि खुंटीवरची चंची काढून तिच्यासमोर बसून तंबाखूला चुना मळायचो. तिच्यासमोर! तिचं लक्ष माझ्या तळहाताकडे जायचं ते मला दिसायचं. मला गंमत वाटायची.

उठून फिरून आलो. आता लिहितो.

दीड महिना गेला. पोरीच्या हिरड्या आवळून आल्या, रंग बदलला. एका सोमवारी मी शाळेत घंटा दिली, पोरं भिंतीशी उभी राहिली, आणि फाटकातून बायको आत आली. एका हातात लेक, पदराखाली डबा. मला काही सांगितलं नव्हतं. मी मध्ये गेलो. म्हटलं, "घरी चल." तिनं ऐकलंच नाही. मला ओलांडून मास्तरांपुढं उभी राहिली.

मास्तरांनी लेकीचा ओठ उचलला, हिरडी दाबली. रक्त नाही. ते म्हणाले, "छान. बाई, आता मशेरी बंद झाली एवढं तोंडानं सांगितलंत की पुरे."

पदराआडून ती म्हणाली, "सांगणारे पुष्कळ आहेत, मास्तर."

आणि वळली पोरांकडे. डोक्यावरचा पदर मागं सारला. दोन बोटांनी ओठ वर-खाली ओढून तोंड उघडलं. चाळीस पोरं, मास्तर, फाटकापाशी दोन भाजीवाले, सगळ्यांच्या देखत. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दिवसाउजेडी तिचं तोंड असं मी पाहिलं नव्हतं. हसायची ती पदर धरून. दातांच्या मुळाशी काळ्या रेघा, हिरड्या मागं सरकलेल्या, दात लांब, एक पडलेला, एक हलता. तो तिनं बोटानं हलवूनही दाखवला.

"या रे, जवळून बघा," ती म्हणाली. "हे काळं राखुंडीचं नाही. माझ्या पोरीचं पण असंच होणार होतं. ज्याच्या घरी मशेरी आहे त्यानं आईला जाऊन सांगा, त्या बाईचं तोंड बघितलं म्हणून."

पुढचा एक पोरगा वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "काकू, दुखतं का?"

"दुखतं."

मास्तर जमिनीकडे पाहत होते. ती पदर सावरून माझ्यापाशी आली, डबा माझ्या हातात दिला. मी झाकण उघडलं. राखुंडी. म्हणाली, "आता दोन्ही डब्यांत हेच आहे. कोणताही उचला, चुकणार नाही."

लेक आपल्या टाटपट्टीवर जाऊन बसली. मास्तरांनी पट मागवला.

संध्याकाळी मी तिला काय म्हणालो असेन? शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चारचौघांत तोंड उघडलंस. लाज सोडलीस."

ती चूल फुंकत होती. "पोरीचं नाव पटावर आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

त्यानंतर तिनं मशेरीला बोट लावलं नाही. मी मात्र वर्षानुवर्षं टोमणा मारत राहिलो, "चोरून लावत असशील." ती भाकरी थापत राहायची. त्या पाचांतली आणखी दोन परत आली, त्यांच्या आयांनी भिंतीआडून सांगितलं, मास्तरांनी तेवढ्यावर घेतलं. उरलेली दोघं आली नाहीत. लेक चौथी शिकली, धारला दिली. ती माहेरी यायची तेव्हा मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची, त्यामुळं तिची पत्रं मी बायकोला वाचून दाखवू शकलो. पोस्टमन ओट्यावर फक्त पत्र ठेवायचा.

सव्वा महिन्यापूर्वी शेवटचं तुळशीपत्र ठेवायला मी तिचं तोंड उघडलं. लेकीनं माझा हात धरला होता. दात तीन-चारच राहिले होते. पण हिरड्या स्वच्छ होत्या. डाग नाही. लेक रडत होती, मी त्या हिरड्यांकडे पाहत होतो. सगळी वर्षं ती खरी होती आणि मी टोमणे मारत होतो. आता कोणाला सांगू?

आज सकाळी लेकीचं पत्र आलं. दोन ओळी. "आबा, जेवता का? सोडली का?"

चंची काढली. आतली तंबाखू आणि चुना परसात पुरला, चंची धुऊन वाळवली आणि तिच्यात बडीशेप भरली. बायकोनं डबा टाकला नव्हता, तेव्हा मी चंची का टाकू? बडीशेपेनं जीभ फसत नाही. हात मात्र थोडा फसतो. पुन्हा उठलो, फाटकापर्यंत जाऊन आलो. शेजारची म्हातारी काही म्हणाली, मी ऐकलं नाही.

लेकीला उत्तर लिहिलं आहे. "जेवतो. नऊ दिवस झाले. दहाव्याचं दहाव्याला लिहीन."